पाणी ओसरल्यावरची दुसरी यादी : खान्देशातल्या नव्या सरपंच-सदस्यांसाठी

निवडून येऊन सहा महिनेही झालेले नसतात. पहिली ग्रामसभा कशीबशी पार पडलेली असते, आणि एका रात्री नदी गावात शिरते. किंवा मे महिन्यात अर्ध्या तासाचं वादळ येतं आणि कटतीला, म्हणजे तोडणीला, आलेल्या केळीच्या बागा आडव्या होतात. सकाळी अख्खं गाव तुमच्या ओट्यावर येतं. प्रश्न एकच, पंचनामा कधी? हा लेख त्या सकाळसाठी आहे, आणि त्याहून जास्त त्यानंतरच्या वर्षभरासाठी.

मी ग्रामपंचायतींना विकास आराखडे करायला मदत करतो. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत हिंडताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. पंचनामा झाला, यादी वर गेली, अनुदान खात्यावर आलं, तरी गाव वर्षभर उठत नाही. कारण पंचनामा नुकसान मोजतो, बंद पडलेली कमाई मोजत नाही. कमाई मोजायचं काम ग्रामपंचायतीलाच करावं लागतं.

मला हे एका पिठाच्या गिरणीने शिकवलं. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगाव तालुक्यात तितूर आणि डोंगरी या नद्यांना पूर आला. शहरात आणि काठच्या गावांत पाणी शिरलं, कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला. त्यानंतर काही दिवसांनी तिथल्या एका लहान गावात मारुतीच्या पारावर बसलो होतो. शेतीचे पंचनामे झाले होते, घरांचे चालू होते. एक आजी आल्या, डोक्यावर ज्वारीचं गाठोडं. म्हणाल्या, "पंचनामा व्हई गया भाऊ, पन गिरणी कवय चालू व्हई?" (गिरणी कधी चालू होईल?) गिरणीची मोटर पाण्यात बुडाली होती. दळणासाठी बाया चार किलोमीटर चालत जात होत्या. ज्या दिवशी दळण, त्या दिवशी निंदणीचा रोज बुडत होता. गिरणीवाल्याची कमाई बंद, म्हणून त्याच्याकडचा पोरगा घरी. कुठल्याही तक्त्यात मोटरसाठी रकाना नव्हता. त्या दिवसापासून मी प्रत्येक गावात दोन याद्या करायला सांगतो. पहिली सरकारची, दुसरी गावाची.

पहिली यादी : पंचनाम्यात कच्चं राहू नका

दुसरी यादी महत्त्वाची म्हणून पहिली सोडायची नाही. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक हे तिघं मिळून पंचनामा करतात. आता त्यांची पदनामं ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी अशी झाली आहेत, पण गावात जुनीच नावं चालतात. त्यांच्याबरोबर प्रत्येक वॉर्डातला एक सदस्य आणि शिवार माहीत असलेला एक कोतवाल किंवा जुना सालदार (वर्षभरासाठी ठेवलेला शेतगडी) द्या. ज्या शेतात गाडी जात नाही तिथे पंचनामाही जात नाही, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे.

मदतीसाठी पिकाचं किमान ३३ टक्के नुकसान लागतं. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. अतिवृष्टी ठरते ती महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला तर. पर्जन्यमापक मंडळाच्या गावी असतो, ढग मात्र तुमच्या शिवारावर फुटलेला असतो. अशा वेळी "आमच्याकडे नदी-नाल्याच्या पुराने नुकसान झालं आहे" असं तारीख-वार घालून तहसीलदारांना लेखी द्या आणि पोच घ्या. फोटोत शेताची ओळखीची खूण येऊ द्या, विहीर, बांधावरचं निंबाचं झाड, विजेचा खांब. नुसत्या चिखलाचा फोटो कुणाच्याही शेताचा असू शकतो.

आकडे तोंडपाठ असावेत, म्हणजे गावात खोटी आशा पसरत नाही. आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ या काळातल्या केंद्राच्या निकषांप्रमाणे कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००, आणि तेही २ हेक्टरच्या मर्यादेत. शेतातला गाळ काढायला हेक्टरी १८,०००, जमीनच खरडून गेली तर ४७,०००. दुभती गाय किंवा म्हैस मेली तर ३७,५००, शेळीला ४,०००, ओढकामाच्या बैलाला ३२,०००. राज्य सरकार वेळोवेळी यात वाढ करतं, मर्यादा बदलतं, म्हणून त्या त्या आपत्तीनंतरचा शासन निर्णय काढून वाचा. केळीच्या एका हेक्टरला लागवडीपासून किती खर्च लागतो हे रावेर-यावलच्या माणसाला सांगायला नको. ही मदत म्हणजे पुढच्या लागवडीचा हातभार आहे, गेलेल्या बागेची किंमत नाही, हे लोकांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

पैसे अडतात ते शेवटच्या टप्प्यात. यादीत नाव आलं की विशिष्ट क्रमांक मिळतो, लोक त्याला व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन केंद्रावर ई-केवायसी करावी लागते. समाईक खात्यात चार भाऊ असतील तर कुणाच्या खात्यावर रक्कम घ्यायची याची संमती लागते. खातेदार मयत असेल तर वारसनोंद हवी. ई-पीक पाहणी केलेली नसेल तर सातबाऱ्यावर पीकच नाही. शेतकरी ओळख क्रमांक नसेल तर पुन्हा खोळंबा. ग्रामपंचायतीच्या एका खोलीत आठ दिवस एक संगणक, एक चालक आणि एक सदस्य बसवा आणि हे सगळं गावातच उरकून घ्या. तालुक्याच्या फेऱ्यांमध्ये लोकांची मजुरी बुडते, तोही तोटाच आहे.

विम्याबद्दल एवढंच, की अटी दर हंगामाला बदलतात. २०२५ च्या खरिपापासून राज्यात पीक विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठरू लागली, ७२ तासांत वैयक्तिक तक्रार करून मिळणारी भरपाई त्यात राहिली नाही. केळीचा हवामान आधारित फळपीक विमा वेगळा. त्यात कमी-जास्त तापमान, वाऱ्याचा वेग, गारपीट असे धोके असतात. कुठल्या धोक्यासाठी किती तासांत कळवायचं हे पावती हातात घेऊन कृषी कार्यालयात विचारून ठेवा. वादळ झाल्यावर विचारायची ही गोष्ट नव्हे.

दुसरी यादी : कुणाची कमाई थांबली

यासाठी साधी शंभर पानी वही घ्या. प्रत्येक घराला एक ओळ, आणि चारच प्रश्न. पूर येण्याआधी आठवड्याला घरात पैसा कशातून येत होता? आता किती येतो? पुन्हा सुरू व्हायला नेमकं काय लागेल? आणि ते कधीपर्यंत मिळालं नाही तर घर गाव सोडेल?

हे काम तलाठ्याचं नाही. आशाताई, बचत गटांची सीआरपी (गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती) आणि ग्रामरोजगार सेवक यांची एक तुकडी करा. वेळ संध्याकाळची ठेवा, कारण दिवसा घरात मिळतो तो माणूस बहुधा घर चालवणारा नसतो. आणि प्रश्न घरातल्या बाईला विचारा. पुरुष म्हणतो, "शेती गेली." बाई सांगते की आठवड्याला दोनशे रुपये शेळीच्या दुधाचे यायचे, तीनशे शिवणयंत्राचे, आणि यंत्राची मोटर चिखलाने भरली आहे. घर कशावर उभं होतं ते तिच्या उत्तरात असतं.

आता या यादीत कोण येतं ते बघा. बटाईने शेती करणारा येतो. सातबारा मालकाचा, अनुदान मालकाच्या खात्यावर, आणि बियाणं-खत मात्र बटाईदाराच्या खिशातून गेलेलं. याला कायद्याने पंचनाम्यात जागा मिळवून देणं अवघड आहे, पण ग्रामपंचायत मालक आणि बटाईदार दोघांना समोरासमोर बसवू शकते. मी पाहिलेल्या बहुतेक गावांत मालकाने काहीतरी हिस्सा दिला, कारण चार माणसांत बोलणं झालं. सालदार येतो. त्याचं साल अखाजी (अक्षय्य तृतीया) ते अखाजी. मालकाची बाग गेली तर मालक साल मोडायचं बघतो, आणि घेतलेल्या उचलीचं ओझं सालदाराच्या डोक्यावर राहतं. केळीची कटती करणारी टोळी येते, घड वाहणारे येतात, कापूस वेचणाऱ्या बाया येतात. हातगाडीवर भजी विकणारा येतो. रोटाव्हेटर भाड्याने देणारा येतो, त्याचे बँकेचे हप्ते कुणासाठी थांबत नाहीत.

आणि गावात नसलेली माणसं. धडगाव, अक्कलकुवा, शहादा, साक्री या भागातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. पंचनाम्याच्या दिवशी दाराला कुलूप, म्हणून पडलेल्या झोपडीची नोंद नाही. अशा घरांची नावं शेजाऱ्यांकडून घेऊन वेगळ्या पानावर लिहा आणि फोन करा. उलटं संकट २०२० मध्ये आलं. टाळेबंदीत सुरतेच्या उधना-लिंबायतमधली आपली माणसं गावी परतली. सुरतेतून दर महिन्याला येणारा पैसा एकदम थांबला आणि खाणारी तोंडं वाढली. त्या वेळी गावात एक इंच पाणी शिरलं नव्हतं, एक पान गळलं नव्हतं. पंचनामा करायला काहीच नव्हतं, आणि तरी गावाची अर्थव्यवस्था मोडली होती. ज्या गावांनी आलेल्या माणसांची हुन्नरवार नोंद ठेवली, कोण शिवणारा, कोण रंगारी, कोण वायरमन, त्यांना पुढे कामं लावणं सोपं गेलं.

यादी झाली की ती झाकून ठेवू नका. नावं आणि रकमा नव्हे, पण "पुन्हा सुरू व्हायला काय लागेल" हा रकाना एकत्र करून चावडीच्या भिंतीवर लावा. बघता बघता लक्षात येतं की साठ घरांची अडचण पाच-सहा गोष्टींत अडकली आहे.

पैसा नेमका कुठे अडला

भिंतीवरचा तो कागद समोर ठेवून गावात पैसा येण्याच्या वाटा काढायच्या. रावेर-सावद्याकडची केळी घ्या. बागेतून घड निघतो, टोळी कटती करते, ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत आणतो, तिथून ट्रक किंवा रेल्वेचा डबा उत्तरेला जातो, भाव बऱ्हाणपूर-रावेरच्या बाजारावर ठरतो. या साखळीतली कुठलीही एक कडी तुटली की मागची सगळी थांबते. वादळानंतर ज्यांच्या बागा वाचल्या त्यांचा मालही अडतो, कारण शिवाररस्त्यावर झाडं पडलेली असतात आणि नाल्यावरची फरशी, म्हणजे लहान फरशीपूल, वाहून गेलेली असते. केळी थांबत नाही, पिकते. अशा गावात पहिलं काम ती फरशी. समाजमंदिराच्या भिंतीला रंग नंतर.

कापसाच्या गावात प्रश्न वेगळा. तिथे वेचणीला मजूर आणि जिनिंगपर्यंत रस्ता लागतो, आणि भिजलेला कापूस वाळवायला कोरडी पक्की जागा. एका गावाने शाळेचं पटांगण सुटीच्या दिवशी ताडपत्री टाकून खुलं केलं, खर्च जवळजवळ शून्य. दुधाच्या गावात विजेशिवाय संकलन केंद्रातला शीतकरणाचा टाका चालत नाही, म्हणून तिथे रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आधी.

अशी एकेक वाट तपासली की प्राधान्य आपोआप ठरतं. मोजपट्टी एकच ठेवा, या एका दुरुस्तीने किती घरांची चूल पुन्हा पेटते.

कुठल्या कामाला कुठला पैसा

नवे सदस्य इथेच अडखळतात. पैसा कमी असतो हे खरं, पण बऱ्याचदा तो चुकीच्या कप्प्यात मागितला जातो आणि प्रस्ताव परत येतो.

पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींच्या निधीचे दोन भाग होते. ६० टक्के बंधित, म्हणजे निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी, आणि ४० टक्के अबंधित. त्यातून पगार करता येत नव्हते. पुढच्या आयोगाच्या अटी हातात आल्या की आधी हीच विभागणी बघा. पुरानंतर पिण्याच्या विहिरीचा उपसा, तुटलेली जलवाहिनी, तुंबलेली गटारं ही कामं बंधित निधीत बसतात, त्यासाठी अबंधित पैसा खर्चू नका. अबंधित पैसा फरशी, बाजारओटे, शिवाररस्ता अशा कमाईच्या वाटांसाठी राखून ठेवा. वार्षिक आराखडा आधीच मंजूर झालेला असेल तर ग्रामसभेच्या ठरावाने पुरवणी आराखडा करून ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढवावा लागतो. आराखड्यात नसलेल्या कामावर खर्च केला तर पुढे लेखापरीक्षणात वसुली निघते, आणि ती सरपंच-ग्रामसेवकाच्या अंगावर येते.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. हे पैसे अनेक गावांत मार्चअखेरीस घाईने कशातरी उडवले जातात. दुसऱ्या यादीतली शिवणयंत्रवाली बाई, दिव्यांग टपरीवाला यांच्यासाठी नियमात बसेल तेवढं याच पैशातून आधी करा.

गाळ काढणं, बांधबंदिस्ती, विहिरींची दुरुस्ती, नालाखोलीकरण यासाठी रोजगार हमी. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला हा धडा दिला आणि १९७७ मध्ये राज्याने त्याचा कायदा केला. केंद्राचे नियम बदलत असतात, चालू नियम तहसीलच्या रोहयो कक्षात विचारा, पण एक सवय कायम ठेवा. मजुरांकडून कामाची मागणी लेखी, नमुना ४ मध्ये घ्या आणि तारखेची पोच द्या. तोंडी मागणीचा पुढे पुरावा राहत नाही. मागणी होण्याआधीच कामांची यादी मंजूर करून तयार ठेवणं याला शेल्फवरची कामं म्हणतात. ती तयार नसतील तर पूर ऑगस्टमध्ये येतो आणि काम डिसेंबरमध्ये सुरू होतं.

नंदुरबार जिल्ह्यात, तसंच साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर यांच्या पेसाखालच्या (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा) गावांत आणखी एक दार उघडं आहे. आदिवासी उपयोजनेच्या निधीतला ५ टक्के अबंध निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो आणि त्याचा विनियोग पेसा ग्रामसभा ठरवते. ग्रामसभा पाड्यावर घ्या. मोठ्या गावात घेतली तर पाड्यावरचा माणूस येत नाही आणि पैसा मोठ्या गावातच जिरतो.

आता ती गिरणी. ग्रामपंचायत खासगी मोटरला पैसे देऊ शकत नाही, आणि देऊही नये. गिरणीवाल्याची बायको बचत गटात होती. गटाने ग्रामसंघाकडे, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाकडे, मागणी केली, समुदाय गुंतवणूक निधीतून कर्ज मिळालं, मोटरचं रिवायंडिंग झालं. ग्रामपंचायतीने फक्त दोन कामं केली. वीज कंपनीला त्या लाइनसाठी पत्र दिलं, आणि तीन दिवस पाठपुरावा केला. गिरणी सुरू झाली तेव्हा आजी पुन्हा भेटल्या, पण त्यांना बोलायला वेळ नव्हता. निंदणीला निघाल्या होत्या.

ठराव असा लिहा

ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी कमी असेल ती. महिलांची सभा आधी घ्यावी लागते, आणि दुसरी यादी तिथेच पहिल्यांदा वाचून दाखवा. तिथे दुरुस्त्या होतात. मुख्य ग्रामसभेत बाया कमी बोलतात.

"रस्ता दुरुस्त व्हावा अशी मागणी करण्यात आली" असा ठराव कागद भरतो, काम करत नाही. त्यापेक्षा असं लिहा :

"विषय क्र. ३. दि. … च्या पुरात … नाल्यावरील फरशी वाहून गेल्याने … शिवारातील … हेक्टर क्षेत्रातील शेतमालाची वाहतूक बंद आहे व … कुटुंबांचा रोजगार थांबला आहे (कुटुंबांची यादी सोबत). सदर फरशीची तात्पुरती दुरुस्ती अबंधित निधीतून दि. … पर्यंत करण्यास व कायमस्वरूपी कामाचा प्रस्ताव अंदाजपत्रकासह पंचायत समितीमार्फत जिल्हा परिषदेस सादर करण्यास ही ग्रामसभा मंजुरी देत आहे. पाठपुराव्याची जबाबदारी सदस्य श्री./श्रीमती … यांची राहील. सूचक … अनुमोदक … ठराव सर्वानुमते मंजूर."

किती हेक्टर, किती कुटुंबं, कुठल्या निधीतून, किती तारखेपर्यंत आणि कुणी, हे पाचही तपशील हवेत. शाखा अभियंत्याकडून अंदाजपत्रक लवकर मिळत नाही ही सगळीकडची तक्रार आहे. त्याला जागेवर न्यायला गाडी आणि माणूस आदल्या दिवशी ठरवा, जुन्या फरशीची लांबी-रुंदी स्वतः टेपने मोजून ठेवा. निम्मा वेळ वाचतो.

कामाचा क्रम हंगामाप्रमाणे लावा

सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च, गावाचं वर्ष मृग ते अखाजी. आराखडा गावाच्या वर्षावर बसवा. ऑगस्टमध्ये पूर आला असेल तर पहिला महिना वाटा मोकळ्या करायचा, फरशी, वीज, पाणी, गिरणी. रब्बीची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे गाळ काढायची आणि हरभरा-गव्हाच्या बियाण्याची सोय सप्टेंबरातच पक्की व्हायला हवी. खरीप गेलं तरी रब्बी वाचवता येतो, आणि रब्बीची ही संधी गेली की पुढचा पैसा थेट पुढच्या दिवाळीला. केळीवाल्यांना कांदेबाग (पावसाळा सरतानाची केळीची लागवड) लावायची असेल तर रोपांची नोंदणी त्याही आधी. दिवाळीनंतर स्थलांतर सुरू होतं, म्हणून रोहयोची कामं दिवाळीच्या आत उघडा. नंतर उघडली तर कामं असतात, माणसं नसतात. आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत नाल्याचं पात्र मोकळं करणं. हे काम प्रत्येक गाव मेच्या अखेरीस आठवतं. मार्चमध्ये करा, तेव्हा यंत्रं मोकळी असतात.

कर्जाची घडी

पीककर्ज थकलं की पुढच्या हंगामाला सोसायटी दारात उभं करत नाही, मग माणूस खासगी व्याजाकडे वळतो. हे टाळण्याची तरतूद आहे. ३३ टक्क्यांच्या वर नुकसान जाहीर झालेल्या भागात बँका पीककर्जाचं मुदत कर्जात पुनर्गठन करतात आणि नवं पीककर्ज देतात. पण शेतकऱ्याने अर्ज केला तर. मी अशा गावात होतो जिथे एकालाही हे माहीत नव्हतं, आणि बँकेच्या शाखेनेही सांगितलं नाही. विकास सोसायटीचा सचिव आणि शाखाधिकारी दोघांना ग्रामसभेला लेखी बोलवा, अर्जाचे नमुने सभेतच वाटा.

पैसेवारीकडेही, म्हणजे गावातलं पीक रुपयात किती पैसे आलं याच्या सरकारी अंदाजाकडेही, लक्ष ठेवा. सप्टेंबरच्या अखेरीस नजर पैसेवारी, ऑक्टोबरअखेर सुधारित, डिसेंबरमध्ये अंतिम. ५० पैशांच्या आत की वर यावर वसुली स्थगिती, वीजबिल, परीक्षा शुल्क अशा सवलती अवलंबून असतात. नजर पैसेवारी चुकीची वाटली तर तेव्हाच हरकत घ्या.

नगरपरिषदेत निवडून आला असाल तर

पूर बाजारपेठेत शिरतो तेव्हा दुकानदाराला पिकासारखा ठरलेला दर नसतो. राज्य सरकार स्वतंत्र निर्णय घेतं. जुलै २०२१ च्या महापुरानंतर दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, कमाल ५० हजार, आणि टपरीधारकांना कमाल १० हजार अशी मदत होती. म्हणून शहरात फेरीवाल्यांची नोंदणी आणि विक्री प्रमाणपत्रं आधीच पूर्ण असणं हाच खरा बचाव. ज्याची नोंद नाही, तो पुरानंतर सिद्ध करू शकत नाही की तिथे त्याची गाडी होती.

गावाच्या हद्दीत न मावणारी संकटं

काही संकटं एका ग्रामपंचायतीने निस्तरत नाहीत. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक आपल्या नवापूरला झाला, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत तो तिथे पुन्हा आला. दोन्ही वेळा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. भरपाई पक्ष्यांची मिळते. शेडवर काम करणारा, अंड्याचे ट्रे भरणारा, गाडी चालवणारा, खाद्यासाठी मका विकणारा यांची मोजदाद भरपाईत नसते. अशा ठिकाणी दुसरी यादी तालुक्याची करावी लागते आणि पंचायत समितीच्या सभागृहात बसून करावी लागते.

केळीवरचा हरण्या, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक) हा विषाणूजन्य रोग, तसाच. मावा हा रोग पसरवतो, काकडीवर्गीय पिकं आणि बांधावरचं तण त्याला आसरा देतात. एकाने रोगट झाडं उपटून गाडली आणि शेजाऱ्याने तशीच ठेवली तर दोघंही बुडतात. इथे शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात उपटणी करायची, असा लगतच्या तीन-चार ग्रामपंचायतींचा संयुक्त ठराव लागतो.

एकत्र सोसायची रीत आपल्याला नवी नाही. पांझरेच्या खोऱ्यात बंधाऱ्यावरची फड पद्धत शेकडो वर्षं चालली. प्रत्येकाची जमीन वेगवेगळ्या फडांत, म्हणजे सिंचनाच्या पट्ट्यांत, विभागलेली, पाणी कमी पडलं की एखादा फड कोरडा ठेवायचा, म्हणजे तूट सगळ्यांच्या वाट्याला सारखी येई. पाटकरी आणि हवालदार गावच नेमत असे. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद-खोल करून सिमेंट बंधाऱ्यांची साखळी झाली, तीही एका गावापुरती विचार करून झाली नसती. साक्री तालुक्यातलं बारीपाडा चैत्राम पवारांबरोबर जंगल राखत गेलं. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्या सदस्यांना एकदा तरी बारीपाड्याला घेऊन जा. एक दिवस जाईल, पण तिथली माणसं स्वतःच्या तोंडून सांगतील ते कुठल्याच प्रशिक्षणात ऐकायला मिळत नाही.

मोठ्या मागण्यांसाठी, म्हणजे पूल, पूरसंरक्षक भिंत, केळीचं शीतगृह, पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती हे ठिकाण. तिचा पुढच्या वर्षाचा आराखडा हिवाळ्यातच आकार घेतो, म्हणून संबंधित खात्यामार्फत प्रस्ताव दिवाळीच्या सुमाराला पोचला पाहिजे. केळीच्या चिप्स, पीठ असे लहान उद्योग उभे करायचे असतील तर सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान आहे. जळगाव केळीला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे, त्याचा उपयोग गटाने केला तरच होतो.

महिन्याची बैठक

दर महिन्याच्या मासिक सभेत पहिला विषय दुसऱ्या यादीचा ठेवा. वही उघडायची, ज्यांची कमाई पूर्वीसारखी सुरू झाली त्यांच्या नावापुढे हिरवी खूण, अर्धी सुरू झाली त्यांना पिवळी, बाकीची तशीच. खुणा करताना त्या घरातल्या माणसाला विचारून करा, अंदाजाने नको. तीन महिने एखादं नाव खुणेविना राहिलं तर पुढच्या सभेआधी दोन सदस्यांनी त्या घरी जाऊन बसायचं. बहुतेक वेळा अडचण लहान असते. कधी रेशनकार्डावर नाव चुकलेलं असतं, कधी शेळ्यांच्या गोठ्याचं पत्रं उडालेलं असतं, कधी मोटरसायकल गहाण पडलेली असते म्हणून माणूस कामावर जाऊ शकत नाही. वहीची एक प्रत पंचायतीच्या दप्तरात आणि एक ग्रामसंघाच्या अध्यक्षांकडे ठेवा. ग्रामसेवकाची बदली होते, सरपंच बदलतो, दप्तर कपाटात जातं. ग्रामसंघाची पेटी मात्र दर आठवड्याला उघडते.